घटक ६ : नवाहो भाषेचे विद्यापीठीय अध्ययन

६.१ उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपल्याला
• नवाहो भाषकांचा प्रदेश आणि भाषेची आजची स्थिती सांगता येईल.
• नवाहो ध्वनिव्यवस्था व क्रियापदव्यवस्था यांची ठळक वैशिष्ट्ये मराठीच्या संदर्भात स्पष्ट करता येतील.
• घरची भाषा विद्यापीठात शिकावी लागण्यामागील कारणे विशद करता येतील.
• भाषा जतन करण्यातील विद्यापीठाचे कार्य व त्याच्या मर्यादा यांची चर्चा करता येईल.

६.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण भाषाकुलाची संकल्पना पाहिली. या घटकात आपण एकाच भाषेकडे जवळून पाहणार आहोत. आपण मराठी हा विषय पदवीसाठी घेतला, तेव्हा मराठी आपल्याला येत होतीच. विद्यापीठाकडून आपल्याला हवे होते ते तिचे शास्त्र आणि तिचे साहित्य. अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातील विद्यापीठांत नवाहो शिकण्यासाठी येणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांची स्थिती मात्र वेगळी असते. भाषा त्यांच्या आजीची असते. ती त्यांना बोलता येत नसते. त्यांना शास्त्राआधी भाषाच हवी असते. वर्गात ती मिळू शकते का, आणि किती, हा या घटकाचा मुख्य प्रश्न आहे.

६.३ विषय-विवेचन

६.३.१ भाषक आणि प्रदेश

नवाहो लोक स्वतःला ‘दिने’ म्हणजे ‘लोक’ म्हणवतात आणि आपल्या भाषेला ‘दिने बिझाद’ म्हणतात. ॲरिझोना, न्यू मेक्सिको आणि युटा या तीन राज्यांत पसरलेला ‘नवाहो नेशन’ हा त्यांचा स्वशासित प्रदेश होय. भाषा अथबास्कन कुलातील आहे. अपाची भाषा तिच्या निकटच्या आप्त आहेत. याच कुलातील इतर अनेक भाषा दूर उत्तरेस, अलास्का आणि पश्चिम कॅनडात बोलल्या जातात. अमेरिकी जनगणना विभागाच्या २०११ च्या सुमाराच्या पाहणीनुसार घरात नवाहो बोलणाऱ्यांची संख्या सुमारे १,७०,००० होती. अमेरिकेतील मूलनिवासी भाषांमध्ये ही संख्या सर्वांत मोठी आहे. तरीही भाषेचे भवितव्य एकूण संख्येपेक्षा भाषकांच्या वयावर अधिक अवलंबून असते. ती मुले बोलतात की फक्त वडीलधारे, हे पाहावे लागते.

६.३.२ वर्गात काय शिकावे लागते?

नवाहोचा वाक्यक्रम मराठीप्रमाणेच कर्ता-कर्म-क्रियापद असा आहे. आपल्या शब्दयोगी अव्ययांप्रमाणे तेथेही संबंधदर्शक शब्द नामानंतर येतात. हे साम्य एवढ्यावरच थांबते.

(अ) ध्वनी : नवाहोत स्वरांची ऱ्हस्व-दीर्घता आणि अनुनासिकता यांबरोबरच सूरही अर्थभेदक असतो. ‘अझेऽ’ हा शब्द नीच सुरात उच्चारला तर ‘औषध’, उच्च सुरात उच्चारला तर ‘तोंड’. मराठीच्या नेहमीच्या देवनागरी लेखनात दोन्ही शब्द सारखेच लिहावे लागतात, कारण मराठीला सूर नोंदवण्याची गरज कधी पडलीच नाही. नवाहोच्या रोमन लेखनपद्धतीत उच्च सुरासाठी स्वरावर खूण करतात. ही पद्धती १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात सिद्ध झाली.

(आ) नाम : आप्तवाचक आणि अवयववाचक नामे स्वामित्वदर्शक उपसर्गाशिवाय येत नाहीत. ‘शिमा’ म्हणजे माझी आई, ‘निमा’ म्हणजे तुझी आई, ‘बिमा’ म्हणजे त्याची किंवा तिची आई. कोणाचीच नसलेली, नुसती ‘आई’ असा शब्द नाही. फार तर ‘अमा’, म्हणजे कोणाची तरी आई. ‘बिझाद’मधील ‘बि’ हाच उपसर्ग आहे : ‘त्यांचे बोलणे’.

(इ) क्रियापद : मराठीत पुरुष, वचन आणि काळ यांच्या खुणा धातूनंतर येतात : ‘दे’पासून ‘दिलेस’. नवाहोत धातू शेवटी असतो आणि अशा बहुतेक खुणा त्याच्या आधी ठरावीक क्रमाने लागतात. या उपसर्गांच्या जागा दहाच्या आसपास मानल्या जातात. शेजारचे उपसर्ग एकमेकांत मिसळून रूप बदलतात. त्यामुळे ऐकलेले क्रियापद कोशात कोठे शोधावे, हाच नवख्या विद्यार्थ्यासमोरचा पहिला पेच असतो.

त्याहून लक्षणीय गोष्ट अशी की, वस्तू हाताळण्याच्या क्रियापदांत वस्तूच्या आकारानुसार धातू बदलतो. ‘मला दे’ असे म्हणताना सफरचंदासारखी भरीव गोल वस्तू असेल तर ‘शा नि’आह’, कागदासारखी पातळ लवचीक वस्तू असेल तर ‘शा निल्त्सोस’, आणि पेल्यातले पाणी असेल तर ‘शा निकाह’. काठी, दोर, लोकर, चिखल, सजीव प्राणी यांसाठी पुन्हा वेगळे धातू. व्याकरणकार असे साधारणतः अकरा वर्ग मानतात.

मराठी माणसाला ही कल्पना अगदीच परकी वाटू नये. आपण साडी नेसतो, सदरा घालतो, शाल पांघरतो, फेटा बांधतो आणि कुंकू लावतो. ‘साडी घातली’ असे कोणी म्हटले, तर घरातील वडीलधाऱ्यांच्या कानाला ते आजही खटकते. हा भेद आपल्याला कोणी नियम म्हणून शिकवला नाही. तो घरात कानावर पडून आला. नवाहोत ही व्यवस्था ‘देणे’, ‘उचलणे’, ‘ठेवणे’ अशा रोजच्या प्रत्येक क्रियेत आहे. कानावर पडून सहज येणारी ही गोष्ट प्रौढपणी तक्त्यावरून पाठ करावी लागते, तेव्हा घरातून नेमके काय गेले याची कल्पना येते.

६.३.३ भाषा वर्गात का आली?

१८६४ मध्ये अमेरिकी सैन्याने नवाहो लोकांना त्यांच्या भूमीतून हुसकावून दूर नेले. १८६८ च्या तहानंतर ते परतले. त्याच तहात मुलांना इंग्रजी शिक्षण देण्याचे कलम होते. पुढे निवासी शाळांचा काळ आला. या शाळांत मातृभाषा बोलल्याबद्दल मुलांना शिक्षा होत असे. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, याच भाषेच्या आधारे २९ नवाहो तरुणांनी अमेरिकी मरीन दलासाठी सांकेतिक भाषा रचली. शाळेने नाकारलेली भाषा सैन्याला उपयोगी पडली. तरी शाळेचे धोरण त्यामुळे लगेच बदलले नाही. शिक्षा भोगलेल्या अनेक आईवडिलांनी आपल्या मुलांशी इंग्रजीतच बोलणे पसंत केले. १९९० च्या दशकाच्या आरंभी भाषावैज्ञानिक पॉल प्लेटेरो यांनी बालवाडीतील नवाहो मुलांची पाहणी केली, तेव्हा निम्म्याहून अधिक मुले केवळ इंग्रजी बोलणारी आढळली.

६.३.४ विद्यापीठाचे कार्य

नवाहो नेशनने १९६८ मध्ये स्वतःचे महाविद्यालय स्थापन केले. आज ‘दिने कॉलेज’ या नावाने ओळखली जाणारी ही संस्था अमेरिकेतील मूलनिवासी समाजाने स्वतः चालवलेले पहिले महाविद्यालय होय. अल्बुकर्की येथील न्यू मेक्सिको विद्यापीठ आणि फ्लॅगस्टाफ येथील नॉर्दर्न ॲरिझोना विद्यापीठ येथेही भाषेचे अध्यापन उभे राहिले. या अध्यापनाचा पाया रॉबर्ट यंग आणि विल्यम मॉर्गन यांच्या व्याकरण-कोशाने घातला. मॉर्गन स्वतः नवाहो होते. दोघांचे पहिले मोठे पुस्तक १९४३ चे, तर बृहद् ग्रंथ १९८० चा.

मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील केन हेल यांचा आग्रह असा होता की, भाषकांनी केवळ माहिती पुरवू नये, स्वतः भाषावैज्ञानिक व्हावे. वर उल्लेखिलेले प्लेटेरो हे त्याच संस्थेतून १९७८ मध्ये डॉक्टरेट मिळवलेले नवाहो अभ्यासक. आपल्या भाषेचे वर्णन दुसऱ्याने करणे आणि आपण करणे यांत फरक असतो. घरात जे रूप सहज तोंडी येते, त्याचा नियम शोधणारा भाषक-अभ्यासक वर्गाला उदाहरणेही घरातलीच देऊ शकतो.

६.३.५ वर्गाची मर्यादा

नवाहो वर्गात आरंभीच स्वतःचा परिचय देण्यास शिकवतात. नावानंतर आईचे कुळ, मग वडिलांचे, मग आईच्या वडिलांचे आणि वडिलांच्या वडिलांचे कुळ सांगावे लागते. हा पाठ पुस्तकातून पुरा होत नाही. त्यासाठी घरी विचारावे लागते. कोयोटीच्या कथा हिवाळ्यातच सांगाव्यात असा संकेत आहे. म्हणजे पाठ्यक्रमालाही ऋतूचे भान ठेवावे लागते.

अडचण अशी की, घरी गेल्यावर चुकीच्या उच्चाराला कोणी हसेल या संकोचाने तरुण बोलतच नाहीत. भाषा ‘पुरेशी’ येते हे कोणी ठरवावे, हा प्रश्न राजकारणातही पेटला. २०१४ मध्ये नवाहो नेशनच्या अध्यक्षपदाचा एक उमेदवार भाषाप्रभुत्वाच्या अटीवरून अपात्र ठरला. २०१५ च्या सार्वमतात लोकांनी कौल दिला की, उमेदवाराला भाषा पुरेशी येते का, हे मतदारांनीच ठरवावे. या निर्णयाकडे भाषेचा पराभव म्हणून पाहता येईल, तसेच अर्धवट भाषा येणाऱ्या पिढीसाठी उघडलेले दार म्हणूनही. आपण दोन्ही बाजू लक्षात घ्याव्यात.

६.४ सारांश

विद्यापीठ भाषेला लिपी, व्याकरण, कोश आणि शिक्षक देऊ शकते. कानावर पडणारी रोजची भाषा मात्र घराकडून यावी लागते. म्हणून नवाहो वर्गाचे यश परीक्षेतील गुणांवरून पुरते कळत नाही. शिकलेला विद्यार्थी घरी जाऊन आजीकडे पाण्याचा पेला योग्य धातू वापरून मागतो का, त्याची चूक झाली तर आजी ती न हसता सुधारते का, आणि तो पुन्हा बोलतो का, यावरून ते कळते.

६.५ स्वाध्याय

१. ‘नवाहो क्रियापदात वस्तूचा आकार दडलेला असतो.’ सोदाहरण स्पष्ट करा.
२. अंगावर धारण करण्याच्या वस्तूंसाठी मराठीत वापरली जाणारी दहा क्रियापदे नोंदवा. आपल्या घरातील तीन पिढ्यांच्या वापरात काही फरक आढळतो का, ते लिहा.
३. भाषा जतन करण्यातील विद्यापीठाच्या कार्याचे व मर्यादांचे विवेचन करा.
४. कोरकू, कोलामी, गोंडी यांपैकी एखादी भाषा घरी बोलणारी व्यक्ती आपल्या परिचयाची असल्यास, त्यांच्या घरात ती भाषा कोण कोणाशी बोलते, याची त्यांच्या संमतीने नोंद करा. ती भाषा आपल्या स्वतःच्या घरची असेल, तर ही नोंद आपल्या घरापासूनच सुरू करावी.