मुंबईच्या धुराचा हिशेब : इयत्ता सातवीसाठी एक पाठ

वातावरणातील बदल हा विषय आता प्राथमिक शाळेच्या पुस्तकांत आला आहे. परंतु तो शिकविताना पाठाचा शेवट बहुधा ‘झाडे लावा’ या घोषणेने होतो, असे शाळा-तपासणीत दिसून येते. झाडे लावणे इष्टच आहे. तथापि हा विषय प्रथम हिशेबाचा आहे, आणि हिशेब शिकविणे हे आपले रोजचेच काम होय. म्हणून येथे एका स्थानिक संस्थेचा, मुंबई महानगरपालिकेचा, प्रत्यक्ष हिशेब पाठासाठी घेतला आहे.

पालिकेने १३ मार्च २०२२ रोजी ‘मुंबई वातावरण कृती आराखडा’ प्रसिद्ध केला. कार्बन डायऑक्साइड (जुन्या क्रमिक पुस्तकांतील कर्बाम्लवायू) व उष्णता धरून ठेवणारे तत्सम वायू मिळून २०१९ या वर्षात शहराचे उत्सर्जन सुमारे २ कोटी ३४ लाख टन झाले, असे त्यात मांडले आहे. यांपैकी सुमारे ७२ टक्के वाटा ऊर्जेचा, मुख्यतः विजेचा. २० टक्के वाहतुकीचा आणि ८ टक्के कचऱ्याचा. हे आकडे फळ्यावर लिहून प्रत्येकाचे टन मुलांकडूनच काढून घ्यावेत.

येथे वर्गात एक शंका हमखास निघते : “गुरुजी, वायूला वजन कसे?” या शंकेस भरपूर वेळ द्यावा, पाठाचा गाभा तीच आहे. एक लिटर पेट्रोलचे वजन सुमारे पाऊण किलो भरते. ते जळाल्यावर मात्र सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. पाऊण किलोतून सव्वादोन किलोहून अधिक कसे निघाले? लगेच उत्तर सांगू नये. मुलांस थोडे झगडू द्यावे. जळताना पेट्रोलमधील कार्बन हवेतील प्राणवायूशी संयोग पावतो. १२ भार कार्बनास ३२ भार प्राणवायू मिळून ४४ भार वायू होतो. अधिकचे वजन हवेतून आलेले आहे. गुणोत्तर-प्रमाणाचे याहून चांगले उदाहरण क्वचितच सापडेल.

आता विजेकडे वळावे. कोळशावर चालणाऱ्या केंद्रात एक युनिट विजेमागे सुमारे एक किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. पाणी, सूर्य व वारा यांवरील केंद्रे जमेस धरल्यास देशाची सरासरी सुमारे ७०० ग्रॅम येते. शंभर वॅटचा दिवा दहा तास जळाला की एक युनिट होते. एक किलो वायू साठवावयाचा तर दोनशे लिटरची जवळजवळ तीन पिंपे लागतील. पिंप मुलांच्या पाहण्यातले असते, टन नसतो.

मग हा धूर कोणाच्या खात्यावर मांडावयाचा? डहाणूचे औष्णिक वीजकेंद्र पालघर जिल्ह्यात आहे, तर त्याची वीज मुंबईच्या उपनगरांत जाते. आराखड्याच्या हिशेबपद्धतीत वीज वापरणाऱ्याच्या नावे धूर लिहिला जातो, आणि हे न्याय्यच आहे. परंतु वहीत नोंद मुंबईची झाली तरी धुराडे डहाणूसच राहते, हेही मुलांनी नकाशावर बोट ठेवून पाहावे.

पालिकेची खरी अडचणही येथेच आहे. सर्वांत मोठा वाटा विजेचा, आणि त्यावरच तिची सत्ता तोकडी. शहर भागात वीज पुरविणारा बेस्ट हा पालिकेचा उपक्रम आहे. उपनगरांत मात्र खासगी कंपन्या व काही भागांत महावितरण आहे. बेस्टने विजेवर चालणाऱ्या बसगाड्या घेतल्या. फेब्रुवारी २०२३ पासून दुमजली गाड्याही विजेवर धावू लागल्या. त्यामुळे रस्त्यावरील धूर कमी होतो हे निश्चित. परंतु गाडीत भरलेली वीज कोळशाची असेल, तर त्या धुराचा काही भाग जागा बदलतो एवढेच.

कचऱ्याचा वाटा लहान दिसतो, पण तो पालिकेच्या हातातला आहे. देवनारसारख्या ढिगाऱ्यात ओला कचरा हवेवाचून कुजतो व मिथेन वायू होतो. शंभर वर्षांच्या हिशेबाने हा वायू वजनास वजन कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीसपटीहून अधिक उष्णता धरतो. शाळेच्या पोषण आहारातील उष्टे-खरकटे खड्ड्यात पुरून न टाकता पालापाचोळ्यासह वरखाली करीत खत केले, तर मिथेन फारसा होत नाही. हा प्रयोग कोणत्याही शाळेत होण्यासारखा आहे.

शेवटी आलेख काढावयास द्यावा. २०१९ च्या तुलनेने २०३० पर्यंत ३० टक्के घट, २०४० पर्यंत ४४ टक्के आणि २०५० मध्ये निव्वळ शून्य, म्हणजे जेवढे बाहेर पडेल तेवढे शोषले जाईल, असे पालिकेचे लक्ष्य आहे. देशाने २०७० ही मुदत घातली असता मुंबईने वीस वर्षे आधीची घातली, हे धाडसाचे आहे. पण मुलांनी बिंदू जोडले की दिसेल : मधल्या दहा वर्षांत केवळ १४ टक्के, आणि अखेरच्या दहा वर्षांत तब्बल ५६! आलेखाची रेघ शेवटी कड्यासारखी कोसळते. असे का ठेवले असावे, यावर मुलांची मते घ्यावीत. आराखडा सरकारी आहे म्हणून त्यावर प्रश्न विचारू नये, असे शिक्षकाने मुळीच सुचवू नये.

एक सूचना आवर्जून करावीशी वाटते. गृहपाठ म्हणून घरोघरची वीजबिले मागवू नयेत. ज्याच्या घरी एकच दिवा आहे, किंवा ज्याची आई चुलीवर रांधते, त्या मुलास वर्गात अपराधी वाटता कामा नये. त्याचा या धुरातील वाटा नगण्य आहे. हिशेब शाळेच्याच मीटरचा करावा. दर सोमवारी दोन मुलांनी मीटरचा आकडा वाचून वहीत लिहावा, मागील आकडा वजा करावा व युनिटास ७०० ग्रॅमने गुणावे. ज्या शाळांच्या छपरावर सौर पट्ट्या आहेत, त्यांनी त्यांची निर्मिती वेगळ्या रकान्यात दाखवावी. तीन महिन्यांच्या नोंदी झाल्यावर ही वही केंद्राच्या शिक्षण परिषदेस घेऊन यावे.