लूप अँटेनाला अॅम्प्लिफायर कोणता जोडायचा? (विज्ञान प्रकल्प)



शनिवार पेठेत वाडे आणि इमारती एकमेकांना खेटून आहेत. घराघरांत एलईडी दिवे, चार्जर, इन्व्हर्टर. मिडियम वेव्हवर रेडिओ लावला की खरखरच जास्त! मुलांना करता येईल असा उपाय म्हणजे लूप अँटेना, म्हणजे लाकडी चौकटीवर गुंडाळलेली तार. चौकट फिरवली की एका दिशेने येणारी खरखर कमी होते.

पण लूपमधला सिग्नल फार क्षीण असतो. आकाशवाणी पुणे केंद्र ७९२ किलोहर्ट्झवर आहे. त्या लहरीची लांबी सुमारे ३७९ मीटर आणि आपली चौकट जेमतेम एक मीटर! म्हणून अॅम्प्लिफायर लागतो. तो जितका जोरदार तितका चांगला, असं मात्र नाही.

निवडताना काय पाहावे?

१. स्वतःचा गोंगाट कमी हवा. अॅम्प्लिफायर सिग्नलसोबत खरखरही वाढवतो, वर स्वतःची भर घालतो. नारायणगावजवळ खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. तिथेही पहिला, कमी गोंगाटाचा अॅम्प्लिफायर अँटेनापाशीच असतो. आपणही तो लूपच्या बुडाशीच बसवावा.

२. जोरदार सिग्नल सहन करणारा हवा. २० डेसिबल म्हणजे व्होल्टेज दहापट, ४० डेसिबल म्हणजे शंभरपट. जवळचं केंद्र मुळातच जोरात येतं. ते शंभरपट केलं तर लहरीचा आकार बिघडतो. म्हणून २० डेसिबलपासून सुरुवात करावी.

३. लूपशी जुळणारा हवा. जाड तारेचा एकच वेढा असेल तर इनपुटचा रोध कमी असलेला अॅम्प्लिफायर. अनेक वेढे आणि गँग कंडेन्सर असेल तर इनपुटचा रोध खूप जास्त असलेला, एफईटी वापरलेला.

४. वीज बॅटरीची द्यावी. मोबाइलचा चार्जर जोडला तर त्याचीच खरखर आत शिरते.

कृती : बाहेरची अँटेना जोडता येणारा रेडिओ १५८४ किलोहर्ट्झवर लावा. ही ७९२ ची दुप्पट. इथे पुणे केंद्राचाच कार्यक्रम ऐकू आला, तर अॅम्प्लिफायर काढून रेडिओ थेट लूपला जोडा. आता तो गायब झाला, तर अॅम्प्लिफायरवर ताण पडतोय असं समजावं. मग जोर कमी करावा किंवा लूप फिरवून पुणे केंद्र मंद करावं.

मुलांना विचारा : आवाज वाढला म्हणजे माहिती वाढली का? वर्गात सगळे ओरडत असताना माईकचा आवाज वाढवून काय होईल? उत्तर मुलंच देतील, आणि महागडा अॅम्प्लिफायर घ्यायचा पालकांचा खर्चही वाचेल.