ऑइलचं झाकण उलटं करून बघ

भाचीबाई, पावसाळ्याआधी गाडी सर्व्हिसिंगला टाकलीस, बिलही भरलंस, आणि तरी गरम तेलाचा वास येतोय म्हणतेस. गॅरेजवाल्याला लगेच फोन लावू नकोस. एसटीच्या वर्कशॉपात जन्म काढलेल्या मामाचं आधी ऐक.

बॉनेट उघड. इंजिनच्या डोक्यावर तेलाच्या कुप्पीचं चित्र असलेलं झाकण दिसेल. ऑइल भरतात ते तिथूनच. बऱ्याच झाकणांवर ५डब्ल्यू-३० किंवा ०डब्ल्यू-२० असा तेलाचा ग्रेडही लिहिलेला असतो. पण झाकण कधी कुणी दुसऱ्या गाडीचं बसवलेलं असतं, तेव्हा ग्रेडचा शब्द मॅन्युअलचाच खरा.

उघडण्याआधी इंजिन बंद करून पंधरा-वीस मिनिटं थांब. रेडिएटरच्या झाकणाखाली दाब असतो, ते गरम असताना उघडायचंच नाही. ऑइलच्या झाकणाखाली तसा दाब नसतो, पण तेलाचा चटका बसतोच. आणि झाकणाभोवतीची धूळ आधी पुसून घे. नाहीतर उघडताना तीच धूळ आत पडते, आणि तेलात मिसळलेली धूळ बेअरिंगं खाते. फडकं सुती असू दे, पण धागे सुटणारं नको.

आता झाकण उलटं कर. पातळ, तपकिरी तेलाचा थर दिसला तर सगळं ठीक. डिझेल गाडीत तो काळा असतो, त्याला घाबरायचं नाही. डांबरासारखी जाड खपली दिसली, तर समज की तेल बदलायला टाळाटाळ झालेली आहे.

पावसाळ्यात आणि थंडीत हमखास फोन येतो तो पिवळट-पांढऱ्या मलईचा. लोक हादरतात, हेड गॅसकेट गेलं म्हणतात. थांब जरा. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ लिटरभर पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. बहुतेक सायलेन्सरमधून निघून जातं, थोडं पिस्टनच्या रिंगांना चकवून खाली तेलाच्या चेंबरमध्ये उतरतं. लांब पल्ला असेल तर तेल तापतं आणि ती वाफ उडून जाते. तुझं ऑफिस दोन किलोमीटरवर. तेल तापायच्या आत गाडी बंद. मग वाफ सगळ्यात गार जागा शोधते, म्हणजे हे झाकण, आणि तिथे तेलात घुसळली जाते. रविवारी हायवेवर तासभर गाडी पळव, झाकण पूस, आठवड्याने पुन्हा बघ. मलई गेली तर विषय संपला. पण डिपस्टिकवरही दुधट तेल असेल, कूलंटची पातळी उतरत असेल, किंवा गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा धूर येत असेल, तर मात्र गाडी चालवू नकोस, टोइंग मागव.

तुझ्या वासाचं कारण मला वेगळंच वाटतं. झाकणाच्या आत रबराची रिंग असते. वर्षानुवर्षं उष्णता खाऊन ती कडक होते, चपटी होते. नखाने दाबून बघ: नरम असेल तर दबून परत येईल, नाहीतर नखाला कडकच लागेल. अशी रिंग तेल अडवत नाही. तेल पाझरून टॅपेट कव्हरवरून ओघळतं, गरम एक्झॉस्टवर पडतं आणि जळतं. बऱ्याच पेट्रोल गाड्यांत याच फटीतून हवाही आत ओढली जाते. मग गाडी आयडलला थरथरते, चेक इंजिनचा दिवा लागतो आणि सेन्सर बदलायच्या गप्पा सुरू होतात.

गॅरेजवाला टॅपेट कव्हरचं पॅकिंग बदलायला सांगेल. कदाचित तेच खरं असेल, पण आधी सगळं कोरडं पुसून दोन दिवस चालव. ओल झाकणाच्या भोवती फुटली तर रिंग, कव्हरच्या कडेने फुटली तर पॅकिंग.

रिंग सुटी मिळाली तर तेवढीच घे, नाहीतर अख्खं झाकण. गाडीचं मॉडेल, इंजिन आणि वर्ष सांगून माग, आणि जुनं सोबत ने. काही पाव फेऱ्यात बसतात, काही आट्याची असतात. वरून सारखी दिसतात, बसत नाहीत. पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडला चमकदार ॲल्युमिनियमचीही दाखवतील. कंपनीचं साधं प्लास्टिकचंच घे. नव्या रिंगेला तेलाचं बोट लाव, हाताने आवळ, अटकलं की थांब. पाना लावायचा नाही. प्लास्टिकला चीर गेली की पुन्हा गळती.

झाकण हरवलंच तर भोकात चिंधी किंवा प्लास्टिकची पिशवी कोंबून निघू नकोस. चिंधी आत ओढली जाते, पिशवी वितळते. हरवलेलं बहुतेक वेळा इंजिनच्या आजूबाजूलाच कुठेतरी अडकलेलं असतं, टॉर्च मारून बघ. तेल भरताना काढलेलं झाकण बॉनेटच्या कुलपाच्या जागी ठेवायची आमच्याकडे पद्धत होती. ते उचलल्याशिवाय बॉनेट बंदच होत नाही, मग विसरणार कसं?

आणि तुझा भाऊ सेकंडहँड पेट्रोल गाडी बघतोय ना, त्याला सांग: गाडी गरम करून, आयडलला असताना, बाह्या वर करून झाकण सैल कर आणि तोंडावर नुसतं ठेव. थोडं थरथरेल, चार थेंब उडतील, ते चालतं. झाकण नाचायला लागलं आणि भसाभस धूर आला, तर रिंग-पिस्टन झिजलेत, इंजिन बॅक कॉम्प्रेशन मारतंय. अशा गाडीला टोकन द्यायचं नाही, कितीही स्वस्त सांगितली तरी.