पोटऱ्यांचं कुणी ऐकलंच नाही

ताप आल्यापासून आमचे हे एकच सांगत होते, पोटऱ्या पिळवटतायत, जिना उतरवत नाही. डॉक्टरांनी ते कानाआड केलं. प्लेटलेट कमी दिसल्या की झालं, डेंग्यू! टेस्ट निगेटिव्ह आली तरी "येते कधी कधी" म्हणून सलाइन चालूच. डोळे लालभडक झाले, तर म्हणे जागरण.

शेवटी कणकवलीहून नणंदेचा फोन आला. ती नर्स आहे. पहिलाच प्रश्न, "वहिनी, दादा साचलेल्या पाण्यातून चालला होता का? पायाला जखम होती?" चालले होते की! गाढी नदी फुगलेली, पनवेलहून करंजाडेला येताना रस्त्यात गुडघाभर पाणी आणि चपलेनं सोललेली टाच. "मग लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस, तपासायला सांग, आजच." सिंधुदुर्गात भातशेतीच्या दिवसांत हा प्रश्न आधी विचारतात. इथल्या एमडींना तो सुचला नाही. मी लेप्टोचं नाव काढलं, तर उत्तर मिळालं, "गुगल वाचून येऊ नका. तो शेतकऱ्यांचा आजार." कचराकुंडीवरचे उंदीर सातबारा बघून मुततात का? 26 जुलै 2005 च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोची साथ आली होती, तेव्हा काय सगळे शेतकरीच आजारी पडले?

दुसऱ्या हॉस्पिटलात नेलं तोवर लघवी कमी झालेली, क्रिएटिनिन चढलेलं. रिपोर्ट पॉझिटिव्ह. हे वाचले. पहिले डॉक्टर नंतर म्हणाले, "सुरुवातीला सगळे ताप सारखेच दिसतात." दिसतात ना, म्हणूनच विचारायचं असतं!

तर पावसाळ्यात एवढं करा. पाण्यातून चाललात तर 72 तासांच्या आत डॉक्टरांना भेटून डॉक्सीसायक्लीनबद्दल विचारा. मनाने घेऊ नका. गरोदर बाई आणि लहान मुलांसाठी औषध वेगळं असतं. ताप दोन दिवसांतही येतो, कधी महिन्यानेही, म्हणून पाण्याची तारीख लिहून ठेवा आणि कुणी विचारलं नाही तरी सांगा. उंदीरच नव्हे, कुत्र्या-गुरांच्या लघवीतूनही हे जंतू पाण्यात येतात. लेप्टोची आयजीएम एलायझा पहिल्या चार-पाच दिवसांत निगेटिव्ह येऊ शकते. त्या दिवसांत पीसीआरचं विचारा, नाहीतर काही दिवसांनी एलायझा पुन्हा करा. संशय पक्का असेल तर रिपोर्टची वाट बघत उपचार थांबवायचे नसतात, हे आम्हाला दुसऱ्या हॉस्पिटलात कळलं. अंगदुखीला आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या परस्पर घेऊ नका, किडनीवर आधीच ताण असतो. लघवी कमी झाली, डोळे पिवळे दिसले, धाप लागली किंवा खोकल्यातून रक्त आलं, तर तडक मोठं हॉस्पिटल गाठा.

बाकी नेहमीचंच. कचरा झाका, गमबूट घाला, जखम उघडी ठेवू नका, पाय साबणाने धुवा.

आणि पाण्याचं सांगितल्यावर जे डॉक्टर हसतील, त्यांची फी टेबलावर ठेवा आणि फाइल घेऊन उठा.