वाढदिवस चंदीगडमध्ये: दोघांच्या तीन दिवसांचा हिशेब

जोडीदाराचा वाढदिवस परगावी साजरा करायचा ठरला की सगळ्यात आधी हॉटेल शोधलं जातं, आणि बजेटचा मोठा वाटा तिथेच संपतो. प्रत्यक्षात दिवसभर बाहेर फिरणारं जोडपं त्या खोलीत झोपण्यापुरतंच येतं. म्हणून या हिशेबाचं सूत्र साधं ठेवलं आहे: खोली स्वच्छ आणि मध्यम दराची घ्या, वाचलेला पैसा वाढदिवसाच्या एका संध्याकाळी मनापासून खर्च करा. चंदीगडचं सेक्टर ३४ त्यासाठी सोयीचं आहे.

सेक्टर ३४ का?

चंदीगडमधला साधारण सेक्टर ८०० मीटर बाय १,२०० मीटरचा असतो, त्यामुळे सेक्टरचा क्रमांक कळला की अंतराचा अंदाज येतो. सेक्टर ३४ हे शहराच्या दक्षिण भागातलं व्यापारी केंद्र. इथे कार्यालयं आहेत आणि स्पर्धा परीक्षांचे क्लासेसही भरपूर आहेत. विद्यार्थ्यांची वर्दळ असल्याने नाश्ता आणि साधं जेवण रास्त दरात मिळतं. शेजारच्या सेक्टर ३५ मध्ये हॉटेलं आणि रेस्टॉरंटं दाटीने आहेत. सेक्टर ४३ चं बसस्थानक जवळ आहे, आणि दक्षिण मार्ग ओलांडला की सेक्टर २१ आणि २२ लागतात.

एक खबरदारी मात्र घ्या. सेक्टर ३४ च्या प्रदर्शन मैदानावर मेळे आणि मोठे कार्यक्रम होतात. डिसेंबर २०२४ मध्ये दिलजीत दोसांझचा कार्यक्रम इथेच झाला. तेव्हा वाहतूक आणि आवाजाचा प्रश्न थेट उच्च न्यायालयात गेला होता. खोली नक्की करण्यापूर्वी त्या तारखांना मैदानावर काय आहे, हे हॉटेलला फोन करून विचारा आणि मैदानाच्या विरुद्ध बाजूची खोली मागा.

जायचं कसं?

मुंबई आणि पुण्याहून चंदीगडला थेट विमान आहे. चार-सहा आठवडे आधी काढलं तर एका बाजूचं तिकीट सरासरी ६,५०० रुपये धरा. दोघांचं जाणं-येणं २६,००० रुपये.

रेल्वेने वेळ जास्त लागतो, पण पैसा बराच वाचतो. कोकणातून आणि पनवेलहून मडगाव-चंदीगड गोवा संपर्क क्रांती सोयीची. मराठवाड्यातल्या जोडप्यांना नांदेड-अमृतसर सचखंड एक्स्प्रेसने अंबाला कॅन्टपर्यंत जाता येतं. तिथून चंदीगड सुमारे ४५ किलोमीटर. थर्ड एसीची चार तिकिटं ८,८०० रुपयांच्या आसपास धरा. आरक्षण आता ६० दिवस आधी खुलं होतं, त्यामुळे प्रवासाच्या तारखेपासून मागे मोजून कॅलेंडरवर खूण करून ठेवा.

डिसेंबरअखेर ते जानेवारीच्या मध्यापर्यंत उत्तरेत दाट धुकं असतं. विमानं आणि गाड्या दोन्ही रखडतात. वाढदिवस त्या काळात असेल तर एक दिवस आधीच पोहोचा. ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि फेब्रुवारी-मार्च हे महिने सर्वात सुखाचे.

खोलीचा दर: ७,५०० ची रेघ

सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे. त्यावरच्या खोलीवर तो १८ टक्के लागतो. म्हणजे ७,५०० ची खोली ७,८७५ रुपयांना पडते आणि ७,६०० ची ८,९६८ रुपयांना. दरात १०० रुपयांचा फरक, खिशाला १,०९३ रुपयांचा. दर विचारताना नेहमी ‘कर धरून एकूण किती?’ असंच विचारा.

आपल्या हिशेबात ३,५०० रुपयांची खोली दोन रात्रींसाठी धरली आहे. करासह ७,३५० रुपये. बुकिंग करताना तीन गोष्टी लेखी घ्या: नाश्ता दरात आहे का, सकाळी लवकर पोहोचलो तर जादा आकार किती, आणि रद्द केल्यास किती पैसे परत मिळतील. दोघांचीही छायाचित्र असलेली ओळखपत्रं जवळ ठेवा. एकाच्या ओळखपत्रावर काम भागत नाही.

वाढदिवसाची संध्याकाळ

हॉटेलं ‘बर्थडे डेकोरेशन’ म्हणून एकगठ्ठा दर सांगतात. त्यात नेमकं काय आहे, ते फोडून विचारा: केक किती वजनाचा, अंड्याचा की बिनअंड्याचा, फुलं खरी की कागदी, टेबल किती वेळ आपलं. बाहेरून केक आणायचा असेल तर परवानगी आणि आकार आधीच कळू द्या. अर्धा किलोचा केक आणि फुलं मिळून १,००० रुपयांत बसतात. बेकरीला आदल्या दिवशी सांगून नाव लिहून घ्या.

जेवणासाठी दोघांना ३,००० रुपये ठेवले तर ५ टक्के करासह ३,१५० होतात. पंजाबी जेवण भरगच्च असतं, दोन भाज्यांत चौघं जेवतील अशी वाढ होते. आधी एकच मागवा. ज्या हॉटेलातल्या खोल्या ७,५०० रुपयांच्या वर आहेत, तिथल्या रेस्टॉरंटात १८ टक्के जीएसटी लागतो. ४,००० रुपयांच्या जेवणावर २०० ऐवजी ७२० रुपये कर.

बिलात ‘सर्व्हिस चार्ज’ आपोआप लावता येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तशा मार्गदर्शक सूचना काढल्या आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या कायम ठेवल्या. रक्कम दिसली तर शांतपणे काढायला सांगा. ऐकलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे १९१५. वाढणाऱ्या माणसाचं काम आवडलं तर बक्षिसी थेट त्याच्या हातात द्या. चंदीगडमध्ये मद्यपानासाठी किमान वय २५ आहे, हेही लक्षात असू द्या.

कमी पैशात भरपूर पाहणं

हे शहर तिकिटांवर फार खर्च करायला लावत नाही. सुखना तलाव १९५८ साली तयार झाला. काठावर फिरायला पैसे लागत नाहीत, नौकाविहाराचे वेगळे. पहाटे जा, शिवालिकच्या रांगा स्वच्छ दिसतात. तिथून जवळच नेकचंद यांचं रॉक गार्डन. रस्ता निरीक्षकाची नोकरी सांभाळत त्यांनी फुटक्या बांगड्या, कपबशा आणि टाकाऊ सामानातून गुपचूप उभारलेली ही सृष्टी १९७६ मध्ये लोकांसाठी खुली झाली. ल कॉर्बुझिएचं कॅपिटॉल कॉम्प्लेक्स २०१६ पासून जागतिक वारसास्थळ आहे. ते ठरलेल्या वेळी मार्गदर्शकासोबतच पाहता येतं, ओळखपत्र लागतं. सेक्टर १० चं सरकारी संग्रहालय सोमवारी बंद असतं. संध्याकाळी सेक्टर १७ च्या पादचारी चौकात निवांत फिरा. सगळी तिकिटं मिळून ५०० रुपये पुरेसे आहेत.

फिरण्यासाठी ॲपवरची रिक्षा किंवा टॅक्सी, तीन दिवसांचे १,५०० रुपये. दुचाकी भाड्याने घेतलीत तर मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट सक्तीचं आहे. दोन रात्रींत सिमला उरकण्याचा मोह टाळा. वाढदिवस गाडीतच जाईल.

एकूण हिशेब (दोघांसाठी, दोन रात्री, तीन दिवस)

- विमान, येऊन-जाऊन: २६,०००
- विमानतळ ते हॉटेल, दोन्ही वेळा: ८००
- खोली, करासह: ७,३५०
- रोजचं खाणं, दिवसाला १,५०० प्रमाणे: ४,५००
- वाढदिवसाचं जेवण: ३,१५०
- केक आणि फुलं: १,०००
- स्थानिक प्रवास: १,५००
- तिकिटं: ५००
- बेरीज: ४४,८००
- अडीअडचणीसाठी १० टक्के: ४,४८०
- एकूण: ४९,२८० रुपये

रेल्वेने गेलात तर विमानाच्या जागी ८,८०० आणि गाडीतल्या खाण्याचे १,००० धरा. दहा टक्क्यांसह आकडा ३१,४६० वर येतो. हे मध्यम खर्चाचे अंदाज आहेत. सुट्टी, लग्नसराई आणि फेब्रुवारीतल्या गुलाब महोत्सवाच्या दिवसांत खोलीचे दर चढतात.

औक्षणाची पुडी

बॅगेत एक छोटी पुडी ठेवा: हळद-कुंकू, अक्षता, सुपारी, दोन फुलवाती आणि एक छोटं निरांजन. काड्यापेटी आणि लायटर विमानात चालत नाहीत, सुकं खोबरंही नेऊ नका. काड्यापेटी आणि चमचाभर तूप तिथेच मिळेल. खोलीत धुराची सूचना देणारं यंत्र असतं, म्हणून निरांजन लावण्यापूर्वी हॉटेलला विचारा. बाल्कनी असेल तर उत्तम. वाढदिवसाच्या सकाळी, शहर पाहायला बाहेर पडण्याआधी, दोघांनीच ते पाच मिनिटांचं औक्षण करा. वर मांडलेल्या यादीत त्याच्यासाठी वेगळी रक्कम नाही, आणि घरी परतल्यावर बहुधा तेच आधी आठवेल.