धारोष्ण दूध आणि आमची प्रयोगशाळा

मुंबईत शिकताना आम्ही पिपेट सर्रास तोंडाने ओढत असू, प्लेटवर वाढलेले जंतू हुंगूनही पाहत असू. आज इथे अमेरिकेत तसे केले तर नोकरीच जाईल!

जंतूंच्या प्रयोगशाळांच्या सुरक्षिततेच्या चार पातळ्या असतात. पहिलीत निरुपद्रवी जंतू, चौथीत इबोलासारखे विषाणू. रुग्णालयातले रोजचे काम दुसरीत चालते. क्षयाचे जंतू वाढवायचे तर तिसरी हवी. तिथे खोलीतला हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी ठेवतात, म्हणजे दार उघडले तरी हवा आतच ओढली जाते.

पण नमुन्यात काय दडले आहे, हे आम्हाला आधी कुठे ठाऊक असते? ब्रुसेला हा गुरांचा, शेळ्यामेंढ्यांचा जंतू न तापवलेल्या दुधातून माणसात येतो. श्वासातून गेला तर अगदी थोडेही पुरतात. रुग्णाच्या रक्तातून वाढलेला हा जंतू उघड्या टेबलावर हाताळून कितीतरी तंत्रज्ञ आजारी पडले आहेत.

तेव्हा गावाहून परतल्यावर ताप रेंगाळला, तर धारोष्ण दूध प्यायल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगा आणि प्रयोगशाळेच्या कागदावरही लिहायला लावा. तेवढी एक ओळ वाचून आम्ही तुमची बाटली सुरक्षा कॅबिनेटमध्येच उघडतो.