व्हॉलीबॉल : नवशिक्या खेळाडूंसाठी काही प्राथमिक धडे

गोव्यातील शाळांच्या पटांगणांवर आणि गावोगावच्या युवक मंडळांच्या मोकळ्या जागांवर, पावसाळा सरल्यानंतर, संध्याकाळच्या वेळी व्हॉलीबॉलची जाळी बांधलेली दिसतात. दोन खांब, एक जाळे, एक चेंडू आणि अठरा मीटर लांब व नऊ मीटर रुंद अशी सपाट जागा एवढी सामग्री या खेळास पुरते. खेळ स्वस्त आहे, त्यात अंगाला अंग भिडत नाही, आणि एका वेळी बारा जणांना त्यात भाग घेता येतो. असे असूनही दरवर्षी उत्साहाने येणाऱ्या मुलामुलींपैकी पुष्कळजण महिन्याभरातच मैदान सोडून जातात, ही गोष्ट शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांना चांगली ठाऊक आहे. उंच व धीट मुले जाळ्यापाशी उभी राहतात आणि उरलेल्यांच्या वाट्याला बाहेर गेलेला चेंडू आणून देण्याचे काम येते. ज्यांना खेळ येत नाही त्यांना खेळावयास मिळत नाही, आणि खेळावयास न मिळाल्यामुळे तो कधीच येत नाही. हे चक्र मोडावयाचे असेल तर प्राथमिक कौशल्ये शास्त्रशुद्ध रीतीने शिकविणे व शिकणे हाच मार्ग आहे. प्रस्तुत लेखात त्या दृष्टीने थोडे विवेचन केले आहे.

हा खेळ मुळात धिप्पाड खेळाडूंसाठी निर्माण झालेला नाही, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. 1895 साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातील होलिओक या गावी विल्यम मॉर्गन या शारीरिक शिक्षकाने तो सुरू केला. चारच वर्षांपूर्वी निघालेला बास्केटबॉल हा खेळ प्रौढ व्यावसायिक मंडळींना दमछाक करणारा वाटे. त्यांना झेपेल असा खेळ मॉर्गनला हवा होता. त्याने जाळे बांधले ते अवघ्या साडेसहा फुटांवर, म्हणजे सुमारे 1.98 मीटरवर. आज पुरुषांसाठी जाळ्याची उंची 2.43 मीटर व स्त्रियांसाठी 2.24 मीटर ठरलेली आहे. सामन्यासाठी ती योग्यच होय. परंतु बारा वर्षांच्या मुलाला शिकविताना पहिल्याच दिवशी जाळे त्या उंचीवर बांधण्याचा जो हट्ट काही ठिकाणी दिसतो, त्याला कोणताही आधार नाही. जाळे खाली घ्यावे, मैदान लहान आखावे, सहाऐवजी तीन-तीन खेळाडू खेळवावे. त्यामुळे प्रत्येकाच्या हाताला चेंडू अधिक वेळा लागतो, आणि शिकणाऱ्याला त्याचीच खरी गरज असते.

अन्य चेंडूच्या खेळांहून व्हॉलीबॉल एका बाबतीत अगदी निराळा आहे. फुटबॉलमध्ये चेंडू पायाखाली थोपविता येतो, बास्केटबॉलमध्ये तो हातात धरून क्षणभर विचार करता येतो. येथे चेंडू पकडला किंवा फेकला तर तो दोष ठरतो. हाताचा व चेंडूचा संबंध निमिषभराचाच असतो आणि त्या निमिषात काहीही सुधारता येत नाही. म्हणून जे काही करावयाचे ते चेंडू येऊन पोहोचण्यापूर्वी करून ठेवावे लागते. नवशिक्याचे लक्ष हाताकडे असते. ते पायाकडे असावयास हवे. चेंडूखाली वेळेवर जाऊन स्थिर उभा राहिलेला खेळाडू ओबडधोबड हातानेही बरा पास देतो. उलट धावता धावता हात लांबविणाऱ्याचे हात कितीही चांगले असले तरी त्यांचा उपयोग होत नाही.

उभे राहण्याची रीत अशी : पाय खांद्यांपेक्षा किंचित अधिक रुंद, एक पाऊल थोडे पुढे, गुडघे वाकलेले, शरीराचा भार टाचांवर नव्हे तर चवड्यांवर, हात सैल व समोर. सरकताना पाय एकमेकांवरून ओलांडून न टाकता लहान लहान पावलांनी सरकावे. चेंडू लांब असेल तर अर्थात धावलेच पाहिजे.

अंडरहँड पास

नवोदिताने आपला निम्मा वेळ या एका कौशल्याला द्यावा असे आमचे स्पष्ट मत आहे. सर्व्हिस झेलणे, स्मॅश उचलणे, जाळ्याला लागून पडणारा चेंडू वाचविणे ही सारी कामे मुख्यतः यानेच होतात. पहिला स्पर्श बिघडला तर मागचा उत्तम सेटर आणि त्यामागचा उत्तम स्मॅश मारणारा, दोघेही निरुपयोगी ठरतात.

एका हाताची बोटे दुसऱ्या हाताच्या बोटांवर ठेवून दोन्ही अंगठे शेजारी शेजारी समांतर जुळवावे. बोटे एकमेकांत गुंतवू नयेत. घाईत ती सुटत नाहीत आणि दुखावतात. मनगटे खालच्या बाजूस वाकवली की कोपरे आपोआप सरळ होतात आणि मनगट व कोपर यांमधील हाताची आतली बाजू वर येऊन एक सपाट फळी तयार होते. चेंडू या फळीवर, मनगटाच्या थोडा वर, दोन्ही हातांवर एकाच वेळी लागला पाहिजे. अंगठ्यांवर किंवा मुठीवर लागलेला चेंडू कोठे जाईल हे सांगता येत नाही.

आपल्याकडील ग्रामीण भागात शूटिंग व्हॉलीबॉल नावाचा प्रकार लोकप्रिय आहे. तो खेळून आलेल्या मुलांचे हात बळकट असतात, पण चेंडूवर जोराने प्रहार करण्याची सवय जडलेली असते. येथे प्रहार करावयाचा नसतो. आरशावर पडलेला प्रकाशकिरण ज्या कोनात येतो त्याच कोनात परततो. चेंडूचेही जवळजवळ तसेच आहे. फळीचा कोन ज्या दिशेला, चेंडू त्या दिशेला. चेंडू हळू आला असेल तर गुडघे सरळ करीत शरीर वर उचलावे, म्हणजे त्याला पुरेसा जोर मिळतो. हात खांद्यापेक्षा वर झोकण्याचे कारण नाही. चेंडू वेगाने आला असेल तर त्याच्या अंगी जोर असतोच, तेव्हा हात स्थिर ठेवणे किंवा किंचित मागे घेणे इष्ट. हलक्या चेंडूला पाय व जोरदार चेंडूला नरमाई, हा फरक हाती आला म्हणजे अंडरहँड पासचा मोठा भाग आला असे समजण्यास हरकत नाही.

सरावासाठी जोडीदार व भिंत ही दोन साधने पुरेशी आहेत. जोडीदाराने चार मीटरवरून चेंडू हाताने हळुवार टाकावा आणि शिकणाऱ्याने तो त्याच्या डोक्याच्या उंचीवर परत द्यावा. प्रथम सरळ अंगावर, मग एक पाऊल डावीकडे, एक पाऊल उजवीकडे, मग समोर आखूड. एकट्याने भिंतीवर चेंडू मारून तो अखंड चालू ठेवावा व मोजणी ठेवावी. आज बारा झाले तर उद्या पंधरा. पावसाळ्याच्या महिन्यांत मैदाने चिखलाने भरलेली असतात, तेव्हा शाळेच्या पडवीतली कोरी भिंत हेच उत्तम मैदान होय. सुरुवातीस हातावर लाली येते व थोडी जळजळ होते. ती आठ-दहा दिवसांत कमी होते. लांब बाह्यांचा सदरा घातला तरी चालतो. चेंडू मात्र दगडासारखा फुगविलेला नसावा. नियमानुसार त्याचे वजन 260 ते 280 ग्रॅम व परीघ 65 ते 67 सेंटिमीटर असतो. अंगठ्याने दाबला असता तो किंचित दबला पाहिजे. मुलांना चेंडूची भीती बसते ती पुष्कळदा फाजील फुगविलेल्या चेंडूमुळेच.

याच कौशल्याच्या बळावर एका संघाने साऱ्या जगाला चकित केले होते. 1964 साली तोकियो येथे व्हॉलीबॉलचा ऑलिंपिकमध्ये प्रथम समावेश झाला, तेव्हा महिलांचे सुवर्णपदक जपानने सोव्हिएत संघाला हरवून मिळविले. प्रशिक्षक हिरोबुमी दाइमात्सु यांच्या त्या संघात बहुतेक खेळाडू एका कापड गिरणीत काम करणाऱ्या तरुणी होत्या. चेंडूसाठी झेप घ्यावयाची, तो उचलावयाचा आणि अंग जमिनीवर लोळवून लगेच पायांवर उभे राहावयाचे, हे तंत्र त्यांनी घटविले होते. दाइमात्सु यांच्या सरावाचा कठोरपणा अनुकरणीय होता असे आम्ही म्हणणार नाही. जांभ्या दगडाच्या खडबडीत मैदानावर तर नवशिक्यांनी अशी लोळण घेण्याच्या फंदात पडू नये; समुद्रकाठची वाळू किंवा तालमीतील मऊ माती त्यासाठी बरी.

डोक्यावरून पास

हा पास दोन्ही हातांच्या बोटांनी, कपाळाच्या किंचित वर व पुढे द्यावयाचा असतो. बोटे पसरून, मोठे मडके धरावे तसा हातांचा आकार करावा. अंगठे डोळ्यांकडे झुकलेले असावेत. तळहाताचा स्पर्श होता कामा नये. चेंडू बोटांच्या अग्रभागावर घेऊन मनगट, कोपर व गुडघे एकाच वेळी उलगडले म्हणजे तो आवाज न करता वर जातो. टपकन आवाज आला की तळहात लागला असे खुशाल समजावे. आपण योग्य जागी आहोत की नाही हे पाहण्याची एक सोपी युक्ती आहे. हात न लावता चेंडू येऊ द्यावा; तो कपाळावर आदळत असेल तर जागा बरोबर, छातीवर किंवा डोक्यामागे जात असेल तर पाय चुकले. अर्थात ही परीक्षा हलक्या चेंडूवरच करावी.

सर्व्हिस

1998 मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघाने गुणमोजणीची नवी पद्धत स्वीकारली. पूर्वी सर्व्हिस ज्याच्याकडे असेल त्याच संघास गुण मिळे. आता प्रत्येक चेंडूवर कोणा ना कोणाला गुण मिळतो. सेट 25 गुणांचा व पाचवा 15 गुणांचा असून दोन गुणांची आघाडी लागते. म्हणून जाळ्यात मारलेली सर्व्हिस ही आता प्रतिपक्षाला सरळ दिलेली देणगी होय. नवशिक्याने खालून मारावयाची सर्व्हिस आधी पक्की करावी. उजव्या हाताने खेळणाऱ्याने डावा पाय पुढे ठेवावा, चेंडू डाव्या हातावर कमरेच्या उंचीला धरावा, उजवा हात लंबकासारखा मागून पुढे आणावा, चेंडू हातातून सोडावा आणि तळहाताच्या टणक भागाने त्याच्या खालच्या-मागच्या बाजूस आघात करावा. हातात धरलेल्या चेंडूवरच आघात करणे नियमबाह्य आहे. पंचांची शिट्टी झाल्यावर आठ सेकंद मिळतात. बहुतेक मुले त्यांतील दोनसुद्धा वापरीत नाहीत. एक श्वास घ्यावा, मोकळी जागा पाहावी, मग मारावे.

दहांपैकी आठ सर्व्हिस मैदानात पडू लागल्या की वरून मारण्याच्या सर्व्हिसकडे वळावे. तीत चेंडू उंच फेकण्याचा मोह आवरावा. फेक जितकी उंच तितकी चूक अधिक. मनगट ताठ ठेवून चेंडूच्या बरोबर मध्यावर थोडका आघात केला की तो न फिरता जातो, आणि न फिरणाऱ्या चेंडूभोवतीचा हवेचा प्रवाह एकसारखा राहत नसल्याने तो वाटेत डळमळतो. झेलणाऱ्यास तो फार त्रास देतो.

स्मॅश व ब्लॉक यांविषयी येथे थोडक्यात सांगतो. दोन्हींचा मोह सर्वांना असतो, आणि दोन्ही घाईने शिकल्यास पाय दुखावतात. उडी घेऊन उतरताना दोन्ही पायांवर, गुडघे वाकवून उतरावे. पाऊल मध्यरेषेवर असताना थोडे पलीकडे गेले तरी नियमाने चालते, परंतु तेथेच एकाचा पाय दुसऱ्याच्या पायावर पडून घोटा मुरगळतो. म्हणून शाळेत सरावाच्या वेळी मध्यरेषेला कोणीही स्पर्श करू नये असा कडक दंडक ठेवावा. घोटा मुरगळल्यास खेळ थांबवून कापडात गुंडाळलेला बर्फ लावावा, पट्टी बांधावी, पाय उंच ठेवावा. ताज्या दुखापतीवर तेल चोळणे आणि आखडलेले बोट ओढून सरळ करणे हे घरगुती उपाय कटाक्षाने टाळावेत. पायावर भार देता येत नसेल किंवा बोट वाकडे दिसत असेल तर डॉक्टरांना दाखवावे.

सरावाला एक तास मिळत असेल तर दहा मिनिटे धावणे व सांधे मोकळे करणे, वीस मिनिटे अंडरहँड पास, दहा मिनिटे डोक्यावरून पास, दहा मिनिटे सर्व्हिस आणि उरलेला वेळ तीन-तीनांचा प्रत्यक्ष खेळ, अशी वाटणी करता येईल. शिक्षकांनी चेंडू थोडे असतील तर गट लहान करावेत. रांगेत उभे राहून मुलांना खेळ येत नाही. आणखी एक सवय पहिल्या दिवसापासून लावावी : चेंडू घेणाऱ्याने मोठ्याने “माझा” म्हणावे. दोघांच्या मधोमध पडणारा चेंडू कौशल्याअभावी पडत नाही, संकोचामुळे पडतो. मुली व लाजाळू मुले ओरडत नाहीत; त्यांना प्रथम चेंडूशिवाय, नुसते ओरडावयास शिकवावे लागते.

बुटक्या मुलांच्या बाबतीत एक सूचना. 1998 पासून आंतरराष्ट्रीय नियमांत लिबेरो नावाच्या खेळाडूची तरतूद आहे. त्याचा गणवेश वेगळ्या रंगाचा असतो. तो मागच्या फळीत खेळतो, त्याला ब्लॉक करता येत नाही व जाळ्याच्या उंचीवरून आक्रमण करता येत नाही. चेंडू उचलणे हेच त्याचे काम. संघ निवडताना प्रथम या जागेसाठी अंडरहँड पासची चाचणी घ्यावी व उंची नंतर मोजावी. चाचणी साधी आहे : वीस सर्व्हिस झेलावयास लावाव्यात आणि त्यांपैकी किती चेंडू जाळ्यापासून दीड-दोन मीटरवर उभ्या असलेल्या सेटरला जागेवरून न हलता घेता आले, ते मोजून वहीत लिहावे. महिन्याने त्याच मुलांची तीच चाचणी पुन्हा घ्यावी.